नवं सरकार, रिकामी तिजोरी: ओबामांनी आधी कशाला हात घालावा?

उंबरठा | १७ जानेवारी २००९, सकाळी १०:४०

मंगळवारी दुपारी बाराला शपथविधी. आमच्या ऑफिसातले निम्मे लोक वॉशिंग्टनला निघालेत आणि उरलेले निम्मे महिनाअखेरीस नोकरकपातीत आपला नंबर लागतो का, या चिंतेत आहेत.

४ नोव्हेंबरला ओबामांना ३६५ विरुद्ध १७३ इलेक्टोरल मतं, असा दणदणीत कौल मिळाला. त्यानंतरच्या अडीच महिन्यांत गाडं इतकं घसरलंय की प्रचारातली अर्धी आश्वासनं आता गेल्या वर्षीच्या पंचांगासारखी वाटतात. डिसेंबरात बेकारी ७.२ टक्के. त्या एका महिन्यात ५ लाख २४ हजार नोकऱ्या गेल्या आणि अख्ख्या २००८ मध्ये जवळपास २६ लाख. १९४५ नंतर एका वर्षात इतक्या कधी गेल्या नव्हत्या. फेडरल रिझर्व्हने, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेने, १६ डिसेंबरला व्याजदर शून्य ते पाव टक्क्यावर आणून ठेवला, म्हणजे त्यांच्या हातातलं नेहमीचं हत्यार वापरून संपलं.

आणि हा आठवडाच घ्या. गुरुवारी हाऊसमधल्या (काँग्रेसचं कनिष्ठ सभागृह) डेमोक्रॅट्सनी ८२५ अब्ज डॉलरचं पॅकेज पुढे केलं, ५५० खर्चाचे आणि २७५ करसवलतीचे. त्याच दिवशी सिनेटमध्ये टार्पचे (बँका वाचवायच्या ७०० अब्जांच्या योजनेचे) उरलेले ३५० अब्ज अडवायचा ठराव ५२ विरुद्ध ४२ ने पडला. शुक्रवारी बँक ऑफ अमेरिकेला आणखी २० अब्ज. शुक्रवारीच टीव्ही-कॉम्प्युटर विकणाऱ्या सर्किट सिटीने गाशा गुंडाळला. ५६७ दुकानं, ३४ हजार माणसं. आमच्या गावातल्या दुकानावर आज सेलचे फलक लागलेत. आत टीव्हींच्या भिंतीसमोर हीऽ झुंबड, आणि काउंटरवर बिलं करणारा मुलगा गिऱ्हाइकांना सांगतोय की शेल्फसुद्धा विकायला आहेत, हवी असतील तर नाव लिहून ठेवा.

सध्या जो तो यादी करतोय. अर्थव्यवस्था, इराक, आरोग्यविमा, ऊर्जा, ग्वांटानामोचा लष्करी तुरुंग, इमिग्रेशन. मला या याद्यांचा कंटाळा आलाय. यादी कुणीही करेल हो. खरा प्रश्न आहे तो कुठल्या कामाला किती मतं लागतात आणि कुठलं काम थांबू शकत नाही, याचा. काही गोष्टी राष्ट्राध्यक्षाच्या एका सहीने होतात. काहींना सिनेटमध्ये ५१ पुरतात. बहुतेकांना ६० लागतात, कारण चर्चा लांबवून विधेयक मारायची सोय अल्पमतातल्या पक्षाला आहे. आणि नोव्हेंबर २०१० ला मध्यावधी निवडणूक. म्हणजे चार वर्षांचं सरकार म्हणायचं, पण जोरात काम करायचा काळ दीड वर्षाचा.

माझं मत सरळ सांगतो. पहिल्या महिन्यात राज्य सरकारांना रोख पैसा द्यावा. पूल-रस्ते नंतर, करसवलत त्याहून नंतर. बँकांचा निकाल उन्हाळ्याच्या आत लावावा. आणि आरोग्यविम्याचा कायदा याच वर्षी आणावा, पुढच्या वर्षावर ढकलू नये. बाकीच्यांनी रांगेत उभं राहावं.

कारणं प्रतिसादांत लिहीन. आधी तुमचं येऊ द्या.


खडूस_बोका | सकाळी १०:५२

पहिला! वाचतोय.

(गुरुवारी हडसनमध्ये उतरवलेल्या विमानाच्या पायलटलाच अर्थमंत्री करा. १५५ च्या १५५ माणसं सुखरूप.)


तात्पुरता | सकाळी ११:२०

उंबरठा, राज्यांना पैसा? ज्यांनी चार वर्षं घरांच्या किमती वाढत असताना मिळालेला कर उडवला त्यांना? मग बेशिस्तीचं बक्षीसच द्या की.

मी ह्यूस्टनजवळ छोटा धंदा करतो. मत रिपब्लिकन मॅक्केनला दिलं असतं, पण ग्रीन कार्डवाल्याला कोण विचारतो. साधा हिशोब मांडतो. गेल्या वर्षीची तूट ४५५ अब्ज, तोच विक्रम होता. काँग्रेसचं बजेट ऑफिस ७ तारखेला म्हणालं की या वर्षी १.२ ट्रिलियन होणार, आणि त्यात हे नवं पॅकेज धरलेलंच नाही. राष्ट्रीय कर्ज साडेदहा ट्रिलियनच्या वर गेलंय. अंथरूण पाहून पाय पसरायचे असतात, इथे तर अंथरूणही चीनकडून उसनं आणलेलं.

आणि गेल्या वसंतातले सरकारी कर-रिबेटचे चेक आठवतात ना? माणशी ६०० डॉलर. लोकांनी क्रेडिट कार्डं फेडली नाहीतर बँकेत टाकले. बाजार काही उठला नाही.


बे_एरियातली | सकाळी ११:४१

तात्पुरता, तुम्हाला निदान चेक तरी आला. आम्हाला एक छदाम मिळाला नाही. नवरा एच-१बी वर, मी तेव्हा एच-४ वर (जोडीदाराचा व्हिसा), मला सोशल सिक्युरिटी नंबर नाही, आणि जोडीने रिटर्न भरलं तर दोघांचेही नंबर हवेत असा नियम. कर मात्र दोघांच्या नावावर पुरा कापलेला. माझ्या ओळखीतल्या निम्म्या मराठी घरांची हीच कथा. त्यामुळे नव्या पॅकेजमध्ये करसवलत आहे म्हटल्यावर मी आधी ती बारीक अक्षरातली ओळ शोधते.

राज्यांबद्दल मात्र उंबरठांना पूर्ण अनुमोदन. आता माझं ग्रीन कार्ड आलंय आणि मी इथल्या एका शाळेत गणित शिकवते. कॅलिफोर्नियाच्या बजेटमध्ये ४० अब्जांच्या आसपास भोक आहे आणि राजधानी सॅक्रामेंटोत दोन्ही पक्ष एकमेकांची तोंडं बघत बसलेत. इथे कायदा असा की पुढच्या शैक्षणिक वर्षी ज्यांची नोकरी जाऊ शकते अशा शिक्षकांना १५ मार्चच्या आत लेखी कळवायचं. तोवर पैसा येणार की नाही हे शाळा-जिल्ह्याला कळलं नाही, तर ते सुरक्षित बाजू म्हणून भाराभर नोटिसा काढतात. स्टाफरूममध्ये सीनियॉरिटीची यादी लावलीय. लोक चहा घेता घेता बोटाने आपलं नाव मोजतात. त्यातले बरेच जण घराचा विचार रद्द करून बसलेत, गाडी घेणं पुढे ढकललंय. नोटीस नंतर मागे घेतली तरी न झालेला खर्च काही परत होत नाही.

म्हणून म्हणते, पूल कधी बांधणार ते बांधा, पण १५ मार्च थांबणार नाही.


उंबरठा | दुपारी १२:१५

बे_एरियातली, माझं अर्धं काम तुम्हीच केलंत.

तात्पुरता, बेशिस्तीचं म्हणता ते काही राज्यांपुरतं खरं आहे. पण यंत्रणा बघा. व्हरमाँट सोडलं तर सगळ्या राज्यांवर बजेट जुळवायचं कायद्याने बंधन आहे. मंदीत विक्रीकर घटला, आयकर घटला, मेडिकेडवरची (गरिबांचा सरकारी आरोग्यविमा) माणसं वाढली, की राज्य काय करणार? शिक्षक काढणार, बस बंद करणार, फिया वाढवणार. म्हणजे वॉशिंग्टन एका हाताने बादली ओतणार आणि पन्नास राजधान्या पन्नास चमच्यांनी पाणी उपसणार. रोजच्या खर्चासाठी कर्ज काढत राहायची मुभा केंद्रालाच आहे, मग मंदीत खर्चाचं ओझं केंद्रानेच उचलायला हवं. मेडिकेडमधला केंद्राचा हिस्सा वाढवायला फक्त एक टक्केवारी बदलायची असते. टेंडर नाही, नकाशे नाहीत, पर्यावरणाची परवानगी नाही. पैसा दोन महिन्यांत पोचतो.

रस्ते-पुलांची गरज मला नाकारायची नाही. मिनियापोलिसचा पूल २००७ च्या ऑगस्टमध्ये भर गर्दीच्या वेळी नदीत गेला, १३ जण मेले. पण आज पैसे मंजूर झाले तर पहिला मजूर कामावर कधी येईल, हे ज्याने एकदा तरी कुठल्या काउंटीत परवाना काढलाय त्याला विचारा.


मिशिगनचा_मावळा | दुपारी १:०५

तुमचे शिक्षक, आमचे टूल-अँड-डायवाले, म्हणजे साचे-हत्यारं बनवणारे. मी एका पार्ट्स पुरवणाऱ्या कंपनीत क्वालिटीत आहे, नाव घेत नाही. क्रायस्लरने १९ डिसेंबरपासून महिनाभर सगळे प्लांट बंद ठेवले. बातमीत तेवढंच येतं. आत काय होतं ते सांगतो.

आम्ही माल पाठवतो त्याचे पैसे दीड-दोन महिन्यांनी मिळतात. प्लांट बंद म्हणजे नवी ऑर्डर नाही. आणि गेल्या मालाचे पैसे अडकले की आमची बँक म्हणते, ज्या येण्यावर तुम्हाला कर्ज दिलं होतं ते येणं आता आम्ही धरत नाही. एका फटक्यात खेळतं भांडवल निम्मं. मग आम्ही ज्यांच्याकडून रबरी बुश घेतो त्या वीस-पंचवीस माणसांच्या दुकानाचे पैसे आम्ही थांबवतो. ते दुकान बुडालं तर उद्या फोर्डची लाइनही थांबेल, कारण फोर्डलाही बुश तेच देतात. म्हणून फोर्डने स्वतःसाठी रोख मागितली नाही, तरी बाकी दोघांना वाचवा म्हणून त्यांचा साहेबही वॉशिंग्टनला गेला होता.

बुशसाहेबांनी जाता जाता १७.४ अब्ज दिले. जीएमला १३.४, क्रायस्लरला ४. अट अशी की १७ फेब्रुवारीपर्यंत योजना द्या आणि ३१ मार्चपर्यंत जगण्यालायक आहात हे दाखवा. म्हणजे निर्णय बुशनी घेतलाच नाही, ओबामांच्या टेबलावर सरकवला. हा प्राधान्यक्रम ओबामांनी ठरवलेला नाही, तो तारखेसकट त्यांना मिळालाय.

नोव्हेंबरात तिन्ही कंपन्यांचे प्रमुख खासगी विमानांनी भीक मागायला गेले आणि डिसेंबरात हायब्रिड गाड्या चालवत गेले, यावर लोक खूप हसले. आम्हीही हसलो. पण विमान त्यांचं होतं आणि नोकरी आमची आहे.


खडूस_बोका | दुपारी १:०९

शेवटचं वाक्य 👌


पर्वती_पायथा | दुपारी १:३० (पुण्यात रात्र झाली आहे, चूकभूल द्यावी घ्यावी)

मी राष्ट्रीयीकृत बँकेत अडतीस वर्षं काढून निवृत्त झालो, त्यामुळे फक्त बँकांवर बोलेन.

टार्प मंजूर झाला तेव्हा सांगितलं होतं की ७०० अब्जांतून बँकांची बुडीत गृहकर्जांची कागदपत्रं विकत घेणार. दहा दिवसांत विचार बदलला आणि नऊ मोठ्या बँकांत १२५ अब्जांचं भांडवल घातलं. नोव्हेंबरात अर्थमंत्री पॉल्सनसाहेबांनी जाहीरच केलं की ती कागदपत्रं आता घेत नाही. ठीक आहे, भांडवल घालणं हे त्यातल्या त्यात शहाणपणाचं. पण अट? कर्जं किती वाटायची, लाभांश किती थांबवायचा, वसुलीचा अहवाल कुणाला द्यायचा? आमच्याकडे साखर कारखान्याला दहा लाखांची मर्यादा वाढवून द्यायची तरी इन्स्पेक्टर गोदामात जाऊन पोती मोजायचा. इथे १२५ अब्ज दिले आणि पोती कुणी मोजली नाहीत.

स्वीडनने १९९२ मध्ये हेच दुखणं अनुभवलं. त्यांनी आधी बँकांना तोटा मान्य करायला लावला, भागधारकांचं भांडवल त्यात जाऊ दिलं, मग सरकारने पैसा घातला आणि वाईट कर्जं वेगळ्या कंपनीत काढली. जपानने उलट केलं. तोटा झाकत राहिले आणि दहा वर्षं मेलेल्या कंपन्यांना व्याजापुरतं कर्ज देत राहिले.

ओबामांनी अर्थमंत्रिपदासाठी निवडलेले गाइथनर हे न्यूयॉर्क फेडचे (फेडरल रिझर्व्हची न्यूयॉर्क शाखा). सप्टेंबरपासूनचे सगळे निर्णय झाले तेव्हा ते त्या खोलीत होते. ते बँकांना तोटा कबूल करायला लावतील का, ही माझी शंका. माझ्या मते आधी हेच. बँक सरळ झाली नाही तर तुमचे ८२५ अब्ज वाळूत मुततील. (शब्दाबद्दल क्षमस्व.)


ॲडमिन | दुपारी १:४४

पर्वती काका, चालवून घेतलं. पुढच्यांनी मात्र काकांचा कित्ता गिरवू नये.


तात्पुरता | दुपारी २:०२

काकांशी शंभर टक्के सहमत. डावे-उजवे दोन्हीकडचे लोक यावर एक होतील, फक्त वॉशिंग्टन होणार नाही.


चिंचबोर | दुपारी २:५०

सगळे पुरुष बँका आणि गाड्यांवर. माझा विषय आरोग्य, आणि तो "नंतर बघू"च्या डब्यात जाणार हे मला आत्ताच दिसतंय.

डॅलसमध्ये मेडिकल बिलिंग करते. टेक्ससमध्ये साधारण चौथा माणूस विम्याविना आहे, देशात सगळ्यात वाईट. देशभरात २००७ चा आकडा ४ कोटी ५७ लाख. आता नोकऱ्या जातायत तसा तो वाढणार, कारण इथे विमा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की कोब्रा. म्हणजे जुनाच विमा चालू ठेवता येतो, पण कंपनीचा वाटाही आपण भरायचा आणि वर दोन टक्के प्रशासनाचे. १०२ टक्के. पगार होता तेव्हा महिन्याला दोन-अडीचशे कापले जायचे, तो माणूस बेकार झाल्यावर त्याला हजार-बाराशेचं बिल येतं. बेकारभत्ता महिन्याला तेवढाच, कधी थोडा जास्त. माझ्याकडे फोन येतात, "ताई, हे चुकून आलंय का?" (इथे ताई म्हणत नाहीत, पण सूर तोच.) चुकून नाही आलेलं.

मग ती माणसं स्वतःचा विमा काढायला जातात. फॉर्मवर प्रश्न: गेल्या काही वर्षांत रक्तदाब, साखर, दमा, पाठदुखी? हो म्हटलं की नकार, किंवा तोच आजार वगळून पॉलिसी. गरोदर बाईला तर दारच बंद. मग दुखणं विकोपाला जाईपर्यंत थांबतात आणि इमर्जन्सीत येतात. १९८६ च्या कायद्याने इमर्जन्सीला आलेल्याला तपासून स्थिर करावंच लागतं. ते बिल बुडतं, आणि बुडालेलं बिल तुमच्या-आमच्या प्रीमियमवर चढतं. मीच चढवते, म्हणून सांगतेय.

ज्यांचे आईबाबा सहा महिने येऊन राहतात त्यांना व्हिजिटर इन्शुरन्सचा अनुभव आहेच. त्यातलं "आधीपासूनचा आजार वगळून" हे वाक्य इथल्या नागरिकांनाही लागू आहे, एवढंच समजा.

मावळे, तुमच्या जीएमचं दुखणं बऱ्याच अंशी हेच ना? निवृत्त कामगारांचा औषधपाणी खर्च गाडीच्या किमतीत बसलेला?


मिशिगनचा_मावळा | दुपारी ३:१०

हो. कंपनीचेच लोक गाडीमागे दीड हजार डॉलरच्या आसपास सांगत आलेत. टोयोटाच्या इथल्या प्लांटना ते ओझं नाही, कारण त्यांचे कामगार अजून म्हातारे व्हायचेत. पण नुसता तोच दोष नाही, खोटं कशाला बोलू. आम्ही मोठ्या ट्रकच बनवत बसलो आणि गेल्या जुलैत गॅस, म्हणजे पेट्रोल, गॅलनला चार डॉलरच्या वर गेला. आता पावणेदोनवर आलाय तर लोक पुन्हा ट्रककडे बघतात. म्हणून ऊर्जेचं धोरण आत्ता मागू नका, या भावाला कुणी ऐकणार नाही.


उंबरठा | दुपारी ३:४५

चिंचबोर, तुमचा प्रतिसाद वर चिकटवून ठेवायला हवा.

आरोग्य याच वर्षी का, त्याचं कारण आकड्यांपेक्षा कॅलेंडरमध्ये आहे. क्लिंटन जानेवारी १९९३ मध्ये आले. आधी बजेटची लढाई. आरोग्याची योजना सप्टेंबरात काँग्रेससमोर गेली, तीही बायकोच्या हाताखालच्या समितीने बंद दाराआड शिजवलेली. तोवर विमा कंपन्यांना जाहिराती करायला भरपूर वेळ मिळाला. पुढच्या सप्टेंबरात योजना मेली आणि नोव्हेंबर १९९४ ला चाळीस वर्षं हातात असलेलं हाऊस गेलं. त्यानंतर पंधरा वर्षं कुणी पूर्ण योजनेला हात लावला नाही.

लहान मुलांच्या विम्याचं विधेयक, एस-चिप, हाऊसने बुधवारी मंजूर केलंय. बुशनी २००७ मध्ये त्यावर दोनदा व्हेटो मारला होता. ते पहिल्या पंधरवड्यात सहीला येईल आणि सगळे टाळ्या वाजवतील. पण ती सोपी पायरी. मोठी पायरी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी गाठली नाही तर मला भीती वाटते.

तात्पुरता म्हणतील तूट आहे, पैसा कुठून. तूट आहे म्हणूनच तर. इथे राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १६ टक्के औषधपाण्यावर जातात. पुढच्या वीस वर्षांची तूट बघा, त्यात हे पॅकेज दिसणारसुद्धा नाही, मेडिकेअर (वृद्धांचा सरकारी विमा) आणि मेडिकेड दिसेल.


तात्पुरता | दुपारी ४:००

तात्पुरता म्हणेलच. खर्च कमी करायला नवा हक्क निर्माण करायचा, हे गणित मला अजून कुणी सोडवून दाखवलेलं नाही. मॅसॅच्युसेट्सने २००६ मध्ये सक्तीचा विमा आणला. विमा नसलेले कमी झाले हे कबूल. खर्च कमी झाला का ते विचारा.


चिंचबोर | दुपारी ४:१२

नाही झाला. तिथे विमा आधी आणि खर्च नंतर असा क्रम धरला. पण विमा नसलेला माणूस इमर्जन्सीतून काढल्याशिवाय खर्चाचा हिशोबच लागत नाही, कारण त्याचं बिल कुणाच्या माथी मारलं हे आम्हालाही नीट सांगता येत नाही.


कोडकामगार | १८ जानेवारी, सकाळी ६:२० (हिंजवडीत संध्याकाळ)

रविवारी ऑफिसात बसून लिहितोय, कारण क्लायंटने दर कमी करा म्हणून पत्र पाठवलंय आणि सोमवारी उत्तर द्यायचंय.

एवढी चर्चा झाली, आमच्याबद्दल कुणी बोललंच नाही. प्रचारात ओबामा प्रत्येक सभेत म्हणायचे की नोकऱ्या बाहेर पाठवणाऱ्या कंपन्यांची करसवलत बंद करणार. ते खरंच करतील का? इथे ७ तारखेला सत्यमचं प्रकरण फुटलं, त्यामुळे आधीच "भारतीय कंपनी" म्हटलं की क्लायंट चौकशा करतात. आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास.

दुसरं, २६/११ नंतर अमेरिका पाकिस्तानला खरंच दाबेल का? मुंबईत सहा अमेरिकन नागरिकही मेले.


उंबरठा | सकाळी ९:३०

आधी पहिला प्रश्न. परदेशात ठेवलेल्या नफ्यावरचा कर लांबवायची जी सोय आहे, तिच्यावर त्यांचा रोख आहे. ती अमेरिकन बहुराष्ट्रीय कंपन्यांची सोय. तुमची पुण्यातली कंपनी अमेरिकन क्लायंटला बिल लावते, ते त्यांच्यासाठी साधा खर्च आहे, त्यावर हा कर लागत नाही. तेव्हा ती घोषणा तुमच्या डोक्यावरून जाईल. तुम्हाला मारेल ती मंदीच. क्लायंट बँक असेल तर अजूनच.

एच-१बी चं मात्र जपून. टार्पचे पैसे घेतलेल्या बँकेने अमेरिकन माणूस काढून परदेशी ठेवला, अशी एक बातमी पुरे आहे. कुणीही सिनेटर पॅकेजमध्ये दोन ओळी घुसवेल. ६५ हजार अधिक २० हजारांचा कोटा वाढवायचं बोलणं तर आता विसरा. गेल्या एप्रिलमध्ये १ लाख ६३ हजार अर्ज आले होते. या एप्रिलमध्ये किती येतील ते बघूच. ग्रीन कार्डाची देशाला सात टक्क्यांची मर्यादाही कुणी हलवणार नाही, दहा टक्क्यांकडे निघालेल्या बेकारीत परदेशी माणसाच्या बाजूने मत द्यायची कुणाची छाती नाही.


बे_एरियातली | सकाळी ९:५५

आणि इथे नोकरी गेलेल्या एच-१बी वाल्याला एका दिवसाचीही सवलत नियमात नाही, हे सांगा त्यांना. आमच्या बिल्डिंगमधल्या एका जोडप्याचं शुक्रवारी झालं. आता धावतपळत व्हिजिटर व्हिसाचा अर्ज टाकतायत, घर आवरायला चार महिने मिळावेत म्हणून. गाडी, सोफा, पाळणा, सगळं क्रेग्सलिस्टवर (जुन्या वस्तू विकायची वेबसाइट). चार कोटी बेकारांच्या देशात हे कुणाच्या प्राधान्यक्रमात बसत नाही, कळतं मला. तरी लिहिलं.


मिशिगनचा_मावळा | सकाळी १०:०४

चार कोटी नाही हो, बेकार एक कोटी दहा लाखांच्या आसपास. चार कोटी ते विमा नसलेले. बाकी मुद्दा पटला. त्या जोडप्याला सांगा, पाळणा विकू नका, भाड्याने स्टोरेज घ्या, परत येतील.


उंबरठा | सकाळी १०:३०

आता पाकिस्तान. इथे थोडं कडू लिहितो.

इराकचा प्रश्न तुलनेने सोपा झालाय, कारण बुश सरकारनेच बगदादशी करार करून तारखा घालून दिल्या: ३० जून २००९ पर्यंत शहरांतून बाहेर, २०११ च्या अखेरीस देशातून बाहेर. ओबामांनी त्या पाळल्या तरी निभेल. मोठं दुखणं अफगाणिस्तान. तिथे आणखी फौज पाठवणार हे ते प्रचारापासून सांगतायत. पण त्या फौजेचं डिझेल, पाणी, पीठ जातं कुठून? बराचसा माल कराचीच्या बंदरातून खैबरखिंडीमार्गे. डिसेंबरात पेशावरजवळच्या डेपोंवर हल्ले होऊन शेकड्यांनी गाड्या जळाल्या. जितकी फौज वाढेल तितकी त्या रस्त्याची गरज वाढेल, आणि तितका इस्लामाबादवरचा दाब कमी होईल. बायडननी स्वतः सिनेटर असताना रिपब्लिकन सिनेटर लुगर यांच्याबरोबर पाकिस्तानला वर्षाला दीड अब्ज डॉलरची बिगरलष्करी मदत द्यायचं विधेयक आणलं होतं. आता ते उपराष्ट्राध्यक्ष होतायत. म्हणजे दिशा कळलीच.

तपासात मदत करतील, माहिती देतील, दोन कडक विधानं करतील. त्यापुढे दिल्लीने फार आशा ठेवू नये. भारताशी अणुकराराच्या वेळी जो जिव्हाळा दिसला तो बुशचा होता, परराष्ट्र खात्याचा नव्हता.


पर्वती_पायथा | सकाळी १०:५०

हे कडू असलं तरी खरं वाटतं. इथल्या वर्तमानपत्रांना कुणीतरी सांगायला हवं. रोज "ओबामा पाकला ठणकावणार".


तात्पुरता | सकाळी ११:१५

ग्वांटानामोचं कुणी काढलं नाही. सहीने होणारं काम म्हणून तो तुरुंग पहिल्याच आठवड्यात बंद करायला काढतील. सही सोपी आहे. तिथले अडीचशे लोक ठेवायचे कुठे? कुठल्या राज्याचा सिनेटर म्हणेल, आणा आमच्याकडे? ओबामांच्याच पक्षाचे लोक पळतील बघा. सहीची कामं सोपी हे उंबरठांचं गणित मला म्हणून अर्धवट वाटतं. तुरुंग बंद करायला सही पुरते, उघडायला काँग्रेसकडून पैसा लागतो.


उंबरठा | सकाळी ११:४०

हा मुद्दा चोख. सही आणि पैसा असे दोन रकाने करायला हवेत.

मग मोठ्या कामांची मतं मोजूया. सिनेटमध्ये डेमोक्रॅट आणि त्यांच्याबरोबर बसणारे मिळून सध्या ५८. मिनेसोटाची जागा २२५ मतांच्या फरकावर कोर्टात अडकलीय, ती कधी भरेल देव जाणे. भरली तरी ५९. म्हणजे प्रत्येक विधेयकाला एक-दोन रिपब्लिकन हवेत. बजेटच्या खास प्रक्रियेतून ५१ वर काम होतं, बुशनी २००१ आणि २००३ च्या करकपाती तशाच आणल्या. पण त्या मार्गाने फक्त पैशाशी संबंधित गोष्टी जातात आणि म्हणूनच त्या करकपाती २०१० अखेर संपतायत. विमा कंपनीने आजारी माणसाला नाकारू नये, हा नियम त्या मार्गात बसवणं कठीण.


चिंचबोर | सकाळी ११:५८

मग ते एक-दोन रिपब्लिकन कोण?


उंबरठा | दुपारी १२:२०

मेन राज्याच्या दोघी, स्नो आणि कॉलिन्स. फार तर पेनसिल्व्हेनियाचे स्पेक्टर. त्यांना मोठा आकडा आवडत नाही, त्यामुळे ८२५ चा आकडा ते खाली आणायला लावणार आणि बदल्यात मत देणार. माझी भीती अशी की कापाकापीत पहिला घाव राज्यांच्या पैशावर पडेल, कारण पुलाबरोबर फोटो काढता येतो, न काढलेल्या शिक्षिकेबरोबर काढता येत नाही.


बे_एरियातली | दुपारी १२:२६

मी तयार आहे फोटोला.


तात्पुरता | दुपारी १२:४०

म्हणजे सात कोटी लोकांनी मतं दिली ओबामांना, आणि प्राधान्यक्रम ठरवणार तेरा लाख वस्तीच्या मेनमधल्या दोन बाया. आमच्या पक्षाला ही व्यवस्था एकदम पसंत आहे.


खडूस_बोका | दुपारी १२:४३

मेनमध्ये कुणी मराठी मंडळवाले आहेत का? दोघींना हळदीकुंकवाला बोलवा, संक्रांत रथसप्तमीपर्यंत चालते.